पंधरवड्याचे सुवार्तिक

१९९८ च्या ऑक्टोबरअखेर ‘मिच’ चक्रीवादळ होंडुरासवर येऊन रेंगाळले. दिवसचे दिवस पाऊस, खचलेले डोंगर, नद्यांनी नेलेल्या वस्त्या, हजारो मृत्यू. पुढे बराच काळ अमेरिका-कॅनडातल्या चर्चमधून तुकड्यांमागून तुकड्या तिथे घरे बांधायला येत राहिल्या. कर्ट व्हर बीक हा समाजशास्त्रज्ञ स्वतः ख्रिस्ती, कॅल्व्हिन कॉलेजचा प्राध्यापक आणि होंडुरासचा रहिवासी. त्याने या घरांमागचा हिशेब मांडला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक गवंड्यांनी बांधलेले घर साधारण २,००० डॉलरमध्ये उभे राहत होते. तेच घर परदेशी तुकडीने येऊन बांधले की विमानाची तिकिटे आणि राहणे-खाणे धरून खर्च ३०,००० डॉलरच्या घरात जात होता. पाहुण्यांच्या हातचे घर मिळालेली कुटुंबे आणि स्थानिक संस्थेकडून घर मिळालेली कुटुंबे यांच्या पुढच्या आयुष्यात त्याला लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. पाहुणे लोकांना आवडले होते. पण तेवढे पैसे पाठवले असते तर आणखी पुष्कळ घरे झाली असती, हेही त्यांना दिसत होते.

मिशन ट्रिपवर टीका करणारे लोक हा अभ्यास हटकून पुढे करतात. आकडाच असा आहे की वाद तिथेच संपावा. तो संपत नाही, कारण जाणाऱ्यांचे उत्तर तयार असते: आम्ही काही विटा रचायला गेलो नव्हतो, नाती जोडायला आणि विश्वास वाटून घ्यायला गेलो होतो, घर हे निमित्त. हे उत्तर पळवाट म्हणून उडवून लावता येईल, पण मला ते गंभीरपणे घ्यावेसे वाटते. ज्या गोष्टीसाठी आपण जातो असे ही माणसे सांगतात, ती तरी घडते का? पंधरा दिवसांत, दुसऱ्याच्या देशात, त्याची भाषा येत नसताना मैत्री होते का, आणि झालीच तर ती कुणाच्या सोयीने होते?

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा तपशील. तुकडी बहुधा दहा ते वीस जणांची. बरीचशी हायस्कूल-कॉलेजची मुले, सोबत चर्चचा युवक-पाळक आणि दोन-चार पालक. प्रत्येकाला दोन-तीन हजार डॉलर लागतात. ते जमवायला आप्तेष्टांना पत्रे जातात, चर्चच्या आवारात गाड्या धुतल्या जातात, केक विकले जातात. तिकडे पोचल्यावर सकाळी बांधकाम किंवा रंगकाम, दुपारी मुलांसाठी गोष्टी-गाणी, संध्याकाळी उपासना. कुणी दातांचे किंवा डोळ्यांचे शिबिर भरवते. एक दिवस समुद्रासाठी किंवा बाजारासाठी राखलेला. निघताना मिठ्या, अश्रू, फोटो. घरी परतल्यावर रविवारी मंडळीसमोर साक्ष. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००९ च्या पुस्तकात दिलेला अंदाज असा की अमेरिकेतल्या चर्चचे सुमारे १६ लाख सदस्य दर वर्षी अशा प्रवासाला देशाबाहेर जातात. एखाद्या मध्यम शहराची वस्ती दर वर्षी उठून जावी आणि पंधरवड्याने परत यावी, इतका हा व्याप आहे. त्यात दक्षिण कोरियाच्या तुकड्या धरलेल्याच नाहीत.

मराठी वाचकाला या विषयात बोलायचा एक जुना हक्क आहे. अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतल्या पहिल्या परदेशी मिशन संस्थेचे पहिले ठाणे मुंबई होते. १८०६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थनेला बसले आणि तिथून परदेशी मिशनची कल्पना निघाली. १८१० साली बोर्ड स्थापन झाले. १८१२ च्या फेब्रुवारीत निघालेली जहाजे चार ते सहा महिन्यांनी कलकत्त्याला लागली आणि कंपनी सरकारने आलेल्यांना देश सोडायला सांगितले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे कसेबसे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. तिथेही हकालपट्टीची टांगती तलवार होतीच. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी सबुरी दाखवली, त्याच वर्षी लंडनमध्ये कंपनीची सनद बदलली आणि ते राहिले. नॉट प्रकृतीमुळे लवकर परतले. हॉल तेरा वर्षे राहिले. मराठी शिकले, शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतराला हात लावला आणि १८२६ साली नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीने गेले. धर्मांतराच्या मोजपट्टीवर त्यांच्या तेरा वर्षांची कमाई नगण्य आहे. आजच्या एखाद्या तुकडीला एका संध्याकाळच्या सभेत त्याहून जास्त वर झालेले हात मोजता येतात.

हॉल यांच्या मागोमाग आलेल्यांत सिंथिया फरार होत्या. १८२७ साली मुंबईत उतरल्या, पुढे अहमदनगरला गेल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. मध्ये पस्तीस वर्षे मुलींच्या शाळा. जोतीराव फुल्यांनी नगरला जाऊन त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या प्रशिक्षणातही मिस फरारबाईंचे नाव येते. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळा घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही, आणि मिशनऱ्यांविषयी जिथे आदर वाटला तिथे तो मोकळेपणाने बोलून दाखवला. अमेरिकेतून बाई आल्या त्या सुवार्ता घेऊन. नगरच्या शाळेत बसलेल्या पुण्याच्या पाहुण्याने त्यातले काय उचलायचे ते स्वतः ठरवले. घेणाऱ्याला असे निवडता आले, कारण बाई तिथेच राहणार होत्या. पुन्हा जाता येत होते, विचारता येत होते, नाही म्हणता येत होते.

तरी जुने ते सोने असा निष्कर्ष यातून काढू नये. तीस-तीस वर्षे राहिलेले मिशनरीही बंगल्यातच राहत आणि पगार व नेमणुका त्यांच्याच हातात असत. १९१० साली एडिंबरोला जागतिक मिशन परिषद भरली. तिथे मूळचे तमिळनाडूचे, तेव्हा पस्तिशीतले वेदनायगम सॅम्युएल अझरय्या बोलायला उभे राहिले आणि यजमानांना रुचणार नाही ते बोलले. पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी भारतासाठी खूप त्याग केला हे मान्य करून त्यांनी सांगितले की तुमच्यात आणि तुमच्या हिंदी सहकाऱ्यांत सलोखा नाही. तुम्ही आम्हाला घरी बोलावत नाही, पंगतीला बसवत नाही. आम्हाला तुमच्याकडून मित्र हवे आहेत. दोन वर्षांनी अझरय्या अँग्लिकन चर्चचे पहिले हिंदी बिशप झाले. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यामागेही मिशनच्या मालकीबाहेर ख्रिस्ताभोवती जमता यावे हीच तळमळ होती. दोघेही श्रद्धावान, दोघांचेही मिशनऱ्यांशी घनिष्ठ संबंध, आणि तरी दोघांची तक्रार एकच: प्रेम आहे, बरोबरी नाही. म्हणजे नुसता मुक्काम लांबवून मैत्री होत नाही. पण मुक्कामच नसेल तर तिची सुरुवात कुठून व्हायची, हा आजचा पेच आहे.

छोट्या मुदतीच्या प्रवासाचा आजचा साचा विमानाबरोबर आला, असे म्हणायला हरकत नाही, जरी पहिली काही पोरे मोटारीने गेली असली तरी. १९५७ च्या उन्हाळी सुट्टीत जॉर्ज व्हर्वर हा कॉलेजचा विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन पुस्तके-पत्रके वाटायला मेक्सिकोत गेला. त्यातून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ उभे राहिले. १९६० साली लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ काढले. त्याआधी परदेशी मिशन म्हणजे धर्मशास्त्राचे शिक्षण, बोर्डाची मंजुरी आणि आयुष्याची बोली. आता एका उन्हाळ्याची बोली पुरू लागली. १९६१ साली केनेडींनी पीस कोअर सुरू केली आणि तरुणांनी परदेशी जाऊन उपयोगी पडावे ही कल्पना चर्चबाहेरही रुळली. पुढे तिकिटे स्वस्त झाली आणि बोर्डाचीही गरज राहिली नाही. एखादी मंडळी आपल्या आपण ग्वाटेमालातल्या पाळकाला पत्र लिहून तुकडी पाठवू लागली. गंमत अशी की याच पिढीतले मॉर्मन तरुण दोन-दोन वर्षांसाठी जात होते आणि जाण्याआधी भाषा शिकत होते. त्यांच्या शिकवणीशी प्रॉटेस्टंटांचे पटत नाही, त्यामुळे या शिस्तीकडेही फारसे कुणी पाहिले नाही.

विरोध लगेच सुरू झाला आणि तो आतूनच झाला. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या कुएर्नावाका गावी इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. त्याच्या शीर्षकातच त्यांच्या चांगल्या हेतूंना नरकात धाडले होते. त्याचे म्हणणे एवढेच की पाहायला या, शिकायला या, भटकायला या, पण मदत करायला येऊ नका. कारण जिथली भाषा येत नाही तिथे तुम्ही काय बिघडवताय हेही तुम्हाला कळणार नाही. १९७१ साली केनियाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे नेते जॉन गाटू यांनी अमेरिकेतच जाऊन सांगितले की काही काळ माणसेही पाठवू नका आणि पैसेही पाठवू नका, आम्हाला आमच्या पायावर उभे राहू द्या. गाटूंची मागणी दीर्घ मुदतीच्या मिशनरींबद्दल होती. त्यानंतरच्या दशकांत मोठ्या संस्थांनी कायमचे मिशनरी कमी केले खरे, पण त्याच काळात पंधरवड्याच्या पाहुण्यांचा लोंढा वाढत गेला. गाटूंनी मागितले होते त्याच्या हे जवळपास उलटे झाले.

मग जाणाऱ्याला काय मिळते? मिळते, पुष्कळ मिळते, असे तो स्वतः सांगतो. डोळे उघडले, आयुष्य बदलले, आता वेगळा विचार करतो. व्हर बीकने होंडुरासला जाऊन आलेल्यांना विचारले तेव्हा अनेकांनी सांगितले की आपले दान वाढले, प्रार्थना वाढली. त्याने पाठवणाऱ्या संस्थेच्या नोंदी पाहिल्या. दान म्हणावे तसे वाढलेले दिसत नव्हते. माणसे खोटे बोलत होती असे नव्हे. आपण बदललो हे त्यांना मनापासून वाटत होते. ब्रायन हॉवेल या मानववंशशास्त्रज्ञाने डोमिनिकन रिपब्लिकला जाणाऱ्या एका तुकडीबरोबर राहून यामागची गोष्ट उलगडली. त्याचे पुस्तक २०१२ चे. त्याला दिसले ते असे की प्रवासाची कहाणी विमानात बसण्याआधीच तयार झालेली असते. तयारीच्या बैठकांत, आधी जाऊन आलेल्यांच्या साक्षींत ती शिकवली जाते: तिथले लोक गरीब आहेत पण आनंदी आहेत, आपण द्यायला गेलो आणि घेऊन आलो. मग तिथे दिसते तेही याच मापात बसवले जाते. डोमिनिकन माणूस गरीब का आहे, अमेरिकन साखर कंपन्यांचा आणि सैन्याचा त्या बेटाशी काय संबंध होता, हे प्रश्न त्या कहाणीत मावत नाहीत. आपल्याकडेही दुष्काळी गावात चार दिवसांचे शिबिर करून परतलेला शहरी विद्यार्थी हेच वाक्य बोलतो, तेव्हा हा काही खास अमेरिकन रोग नव्हे.

यजमानाची बाजू या चर्चेत सर्वांत कमी ऐकू येते. तुकडी येणार म्हणजे तिथल्या पाळकाचे किमान तीन आठवडे गेले. पंधरा जणांच्या गाद्या, बाटलीबंद पाणी, पोट बिघडणार नाही असे जेवण, विमानतळावर जाणारी गाडी, दुभाषा. ज्या बायका एरवी मंडळीतल्या आजाऱ्यांना भेटतात त्या त्या दिवसांत स्वयंपाकघरात असतात. काम काय द्यायचे हाही प्रश्नच, कारण सोळा वर्षांच्या मुलाला जमेल असे काम हवे आणि ते आठ दिवसांत संपायला हवे. म्हणून रंग. रॉबर्ट लप्टन यांनी २०११ च्या पुस्तकात मेक्सिकोतल्या एका चर्चची गोष्ट दिली आहे, जे एकाच उन्हाळ्यात सहा तुकड्यांनी सहा वेळा रंगवले. तिथल्या लोकांनी नको का म्हटले नाही? ज्याच्याकडून पुढच्या वर्षी छपराचे पैसे यायचे आहेत, त्याला भिंत रंगवू नको असे कोण सांगणार.

पण इथेच एक अभ्यास आपल्याला सावध करतो. रॉबर्ट प्रीस्ट यांनी पेरूमध्ये तुकड्या येऊन गेलेल्या मंडळ्यांचा अभ्यास केला. तिथे प्रॉटेस्टंट अल्पसंख्य, बरेचसे गरीब वस्त्यांतले. सरकारी शाळा, नगरपालिका, तुरुंग, रुग्णालय यांची दारे त्यांना सहजी उघडत नाहीत. मात्र सोबत डझनभर अमेरिकन असले की मुख्याध्यापक वेळ देतो, अधिकारी चहा मागवतो. पेरूचे पाळक हे पुरते ओळखून होते आणि पाहुण्यांचा वापर ते जाणीवपूर्वक करून घेत होते. तुकडीला वाटते आपण सुवार्ता सांगायला शाळेत गेलो. पाळकाच्या दृष्टीने त्या दिवशी त्याची मुख्याध्यापकाशी ओळख झाली आणि ती तुकडी गेल्यावरही राहिली. यजमान म्हणजे बिचारा, भोळा, लुबाडला जाणारा, ही टीकाकारांची प्रतिमाही तितकीच वरवरची आहे, हे मला प्रीस्टमुळे पटले. कुठे नाही म्हणायचे आणि कुठे हो म्हणून आपले काम साधायचे हे ज्याला कळते, त्याच्या हातात तुकडी उपयोगी पडते. फुल्यांनी वेगळ्या काळात, वेगळ्या उंचीवर हेच केले होते.

वैद्यकीय शिबिरांचे वेगळे बोलायला हवे. ज्या शस्त्रक्रियेने एकदाच काम होते, दुभंगलेला ओठ किंवा मोतीबिंदू, तिथे निष्णात डॉक्टर आठ दिवस आला तरी रुग्णाचा आयुष्यभराचा लाभ. रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या वाटून गेलेल्या शिबिराचे तसे नाही. एकतिसाव्या दिवशी काय, याचे उत्तर तिथल्या नर्सकडेही नसते. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उभारले, ते तिथे राहून.

आता विश्वास वाटून घेण्याकडे. पथनाट्य, मूकाभिनय, कठपुतळ्या, गिटार, १९७९ चा ‘जीझस’ चित्रपट (हजाराहून अधिक भाषांत आलेला, मराठीतही) ही नेहमीची साधने आहेत. बहुतेक सर्व साधने भाषेला वळसा घालणारी, आणि ते स्वाभाविकच आहे. अडचण शेवटी येते, जेव्हा ‘कुणी येशूला स्वीकारले, हात वर करा’ असे विचारले जाते आणि परतीच्या अहवालात हात मोजले जातात. पाहुण्याचा मान राखण्यासाठी हात वर करणारा माणूस आशिया-आफ्रिकेत सगळीकडे भेटतो. ज्या सभेनंतर खाऊ आणि कपडे वाटले जाणार आहेत, तिथे वर गेलेल्या हाताचा अर्थ कुणी सांगावा? हे केवळ बाहेरच्या टीकाकारांचे म्हणणे नाही. २०११ च्या जूनमध्ये व्हॅटिकन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून साक्ष कशी द्यावी याचे एक निवेदन काढले. एरवी या तिघांचे एका पानावर येणे दुर्मीळ. त्यात आमिष आणि दडपण यांना साफ नकार आहे आणि गरिबीचा व गरजेचा फायदा घेऊ नये असे स्पष्ट बजावले आहे. पंधरवड्याच्या तुकड्यांपैकी किती जणांच्या तयारीच्या फायलीत हे पान असते याची मला शंका आहे.

आणि कायदा आहे. भारतात पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला चर्चला जाता येते, प्रवचन ऐकता येते. धर्मप्रचार करणे, धर्मस्थळी भाषणे देणे, पत्रके वाटणे चालत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा आहे. संविधानाच्या पंचविसाव्या कलमात धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य आहे, पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही असे ठरवले. अनेक राज्यांचे वेगळे धर्मांतरविरोधी कायदे आहेत. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आणि २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. या कायद्यांविषयी मतभेद असू शकतात. त्यातल्या काहींचा वापर निव्वळ प्रार्थनेला जमलेल्यांविरुद्ध होतो, असा ख्रिस्ती समाजाचा अनुभव आहे आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. पण ‘पर्यटक’ म्हणून उतरलेल्या तुकडीने सभा घेतली, तिचे फोटो टाकले आणि ती विमानात बसून गेली, तर पोलीस चौकीत कुणाला बसावे लागते? तिथल्या पाळकाला. परदेशी निधीचे नियम कडक झाल्यापासून, विशेषतः २०२० च्या दुरुस्तीनंतर, एका उत्साही तुकडीपायी संस्थेची नोंदणीच धोक्यात येऊ शकते. मित्राला संकटात टाकून निघून जाणे ही मैत्रीची चांगली सुरुवात नव्हे.

धोक्याच्या कथा अधूनमधून जगापुढे येतात आणि विसरल्या जातात. जुलै २००७ मध्ये सोलजवळच्या बुंदांगमधल्या सेम्मुल चर्चचे २३ कोरियन स्वयंसेवक काबूल-कंदाहार रस्त्यावर बसमधून जाताना तालिबानच्या हाती पडले. दोघे मारले गेले, बाकीचे ऑगस्टअखेरपर्यंत सुटले. कोरियात सहानुभूतीबरोबर संतापही उसळला, आणि सरकारला अफगाणिस्तानातले मिशनकार्य थांबवण्याचे वचन द्यावे लागले. जानेवारी २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर तीनच आठवड्यांच्या आत अमेरिकेतल्या दहा बाप्टिस्टांना ३३ मुले कागदपत्रांविना डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना अटक झाली. अनाथ म्हणून नेल्या जाणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. मुलाला शाळा मिळेल या आशेने त्यांनी ती सुपूर्द केली होती. कंबोडियात हेच संथपणे, वर्षानुवर्षे घडले. तिथल्या अनाथाश्रमांची पाहणी झाली तेव्हा दर चार मुलांमागे साधारण तिघांचे किमान एक पालक हयात असल्याचे दिसले. पर्यटक आणि मिशनच्या तुकड्या अनाथाश्रम पाहायला येत, देणग्या देत, म्हणून अनाथाश्रम वाढले आणि ते भरण्यासाठी मुले आणली गेली. चांगुलपणाला बाजार मिळाला की पुरवठा होतोच.

अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर नोव्हेंबर २०१८ मध्ये मारला गेलेला जॉन ॲलन चाऊ हा तरुण अमेरिकन मिशनरी तुकडीतला नव्हता, घाईतलाही नव्हता. त्याने अनेक वर्षे तयारी केली होती, भाषाशास्त्र आणि प्रथमोपचार शिकला होता. आळशी पाहुण्यांवरची टीका त्याला लागू होत नाही. त्याच्यापाशी एवढेच नव्हते की पलीकडून कुणी ये म्हटले होते. १९९१ साली भारतीय मानववंशशास्त्रज्ञांच्या हातून त्या बेटावरच्या लोकांनी नारळ घेतले. पुढे सरकारने त्या भेटीही थांबवल्या. ते लोक कुणाला बोलावत नाहीत हे पुन्हा पुन्हा दिसले होते, आणि बाहेरच्या रोगांपुढे त्यांच्या शरीराचा टिकाव लागणार नाही हेही ठाऊक होते.

चांगले काही चालले आहे का? आहे, पण ते साक्षीत सांगायला कंटाळवाणे आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल परिसरातल्या लुथरन मंडळ्या आणि टांझानियाचा इरिंगा धर्मप्रांत यांची भागीदारी १९८७ पासून चालू आहे. नाव ‘बेगा क्वा बेगा’, स्वाहिलीत खांद्याला खांदा. तिकडची एक मंडळी, इकडची एक मंडळी, अशी जोडी. त्याच मंडळीकडे पुन्हा पुन्हा जायचे, दरवेळी नवा देश निवडायचा नाही. शिष्यवृत्त्या, पाणी, रुग्णालय ही कामे तिथल्या चर्चच्या यंत्रणेतून चालतात. प्रवासाला जाणाऱ्यांचे मुख्य काम म्हणजे भेटणे, जेवणे, उपासनेला बसणे, एकमेकांच्या गेलेल्या माणसांची चौकशी करणे. सुवार्ता सांगण्याचा प्रश्नही इथे वेगळा होतो, कारण यजमान आधीच ख्रिस्ती आहेत आणि टांझानियाचे लुथरन चर्च जगातल्या मोठ्या लुथरन चर्चपैकी आहे. रविवारी रिकामे बाक पाहायची सवय लागलेल्या अमेरिकनांनी तिथल्या गच्च भरलेल्या उपासनेला बसून कुणाला काय शिकवायचे? असमानता इथेही आहेच. पैसा एकाच दिशेने वाहतो आणि शिष्यवृत्ती कुणाला याचे राजकारण कोणत्याही गावात होते तसे तिथेही होत असणार. पण निदान चूक झाली तर पुढच्या वर्षी तीच माणसे समोरासमोर येणार असतात.

२०२० साली कोविडने विमाने थांबली तेव्हा नकळत एक प्रयोगच होऊन गेला. जिथे तुकड्या थांबताच काम थांबले, तिथे ते काम तुकडीसाठीच होते हे उघड झाले. जिथे स्थानिक मंडळीने अन्नवाटप, अंत्यविधी, शाळा आपल्या बळावर निभावून नेल्या आणि परदेशातून फक्त पैसे व फोन आले, तिथे पाहुण्यांनी पुन्हा येण्याआधी विचार करायला हवा होता. विमाने सुरू झाल्यावर बहुतेकांनी फार विचार केला नाही. उन्हाळ्याच्या तारखा पुन्हा भरल्या.

या सगळ्या साहित्यात एका गोष्टीवर फारच कमी लिहिले गेले आहे, ती म्हणजे उलट दिशेचा प्रवास. मिनेसोटाच्या माणसाला टांझानियाचा व्हिसा अर्ज करून, शुल्क भरून मिळतो. इरिंगाच्या चर्चमधल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना मिनेसोटाला जायचे तर साधारण पाचशे किलोमीटरवरच्या दार-एस-सलामला मुलाखतीला जावे लागते. अमेरिकेचा कायदा गृहीतच धरतो की अर्जदाराला कायमचे राहायचे आहे. परत येणार हे सिद्ध करायचे ते तिने, आणि शेतावर राबणाऱ्या बाईंकडे पगाराची पावती आणि बँकेतली शिल्लक असते थोडीच. नकार मिळाला तरी शुल्क परत मिळत नाही. चर्चने हा नियम केलेला नाही. पण बारा जणांची तुकडी पाठवणारी मंडळी सहा जणांना पाठवून उरलेल्या पैशांत सहा जणांना बोलवायला निघते, आमंत्रणपत्रे लिहिते, आपल्या खासदाराच्या कार्यालयात खेटे घालते, दोन अर्ज फेटाळले गेलेले पाहते, तेव्हा तिला टांझानियाबद्दल आणि स्वतःच्या देशाबद्दल जे कळते, ते पंधरवडाभर भिंती रंगवून कळणारे नाही. त्या सहांपैकी जे पोचतात त्यांना रविवारी व्यासपीठावर दोन मिनिटे नमस्कारापुरते उभे करायचे की पूर्ण प्रवचन करू द्यायचे, हे ठरवायला मग मंडळीच्या कमिटीची बैठक लागते, आणि ती बैठक लांबते.